छत्तीस मिनिटांची रेघ

साहेब, अहवालात तुम्ही लिहिलंत, 'चूक मयताची, मृत्यू तात्काळ.' दोन्ही खोटं. 

चेंबर साफ करायला फिटर आत उतरला, दार बंद झालं, आत आर्गॉन सुटला आणि तो गुदमरला. त्यानंच दार ओढून घेतलं, मिनिटभरात गेला, असं तुमचं म्हणणं. त्याच चेंबरचा आर्क, म्हणजे विजेची धगधगती ज्योत, चालवणारी ऑपरेटर त्याची सख्खी मोठी बहीण. आतल्या वायूची तपासणी करा, म्हणाली ती. तुम्ही हसलात. "बाई, हवेत मिसळून गेलेलं पुन्हा वेगळं होतं का?"

होतं. तिचं रोजचं कामच ते. आर्गॉन आणि हेलियम एका नळीतून एकजीव होऊन येतात. दहा हजार अंशांच्या आर्कमध्ये शिरले की त्यांची फारकत होते. एक मधोमध गोळा होतो, दुसरा कडेला सरकतो. त्या ज्योतीच्या उजेडातून यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक वायूची रेघ ठरलेली.

भाऊ गेल्यावर दोन आठवड्यांनी, सकाळी दहाला, तिनं आर्क पेटवला. कडेला तिसरीच रेघ उठली.

"काका, कार्बन दिसतोय."

"तेल राहिलं असेल," फोरमन म्हणाला. "तुझा भाऊ सफाई अर्धवट टाकून गेला ना."

स्वतःच्या टोमण्यावर तो स्वतःही हसला नाही.

तेल जळून संपतं. ही रेघ चढत होती, उतरत होती. तिनं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठरा वेळा, माणसाच्या श्वासासारखी. नकळत तिचा हात स्वतःच्या छातीवर गेला. तिनं सिलिंडर बदलला, नवा कोरा लावला. रेघ तीच. मग सव्वीस. मग चाळीस. प्रत्येक चढाला आर्कची घरघर दबायची.

"बंद कर गं ते!" फोरमन ओरडला.

तिनं वीज तोडली. आर्क विझला. काचेमागे काळोख.

रेघ चालूच.

आता मात्र ती अडखळत होती. एक चढ. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक.

फोरमन स्टुलावर बसला, पडद्याकडे पाठ करून.

"संपेल. अजून दोन मिनिटं."

त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

दोन मिनिटांनी रेघ सपाट झाली. सुरुवातीपासून छत्तीस मिनिटं.

"काका, तुम्हाला कसं कळलं?"



"आतून ठोकत होता तो, पोरी. कडी बाहेरून लावलेली होती. दाराशी मी एकटा नव्हतो."

साहेब, दुसरं कोण होतं?