तिसरी थरथर

लिफ्टचं दार मिटलं आणि आम्हा दोघांचा हात एकदमच कमरेला गेला.

मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. बाहेर आठवडाभर न हटलेलं धुकं लिफ्टच्या आरशावरही साचलं होतं. त्यात आम्ही म्हणजे दोन पुसट डाग होतो — एक उंच, एक मी.

"तुझा की माझा?" त्यानं विचारलं.

ओळख ना पाळख, आणि थेट असा प्रश्न. पण मला तो लगेच कळला, आणि कळला म्हणूनच हसू आलं. माझ्या कमरेला काड्यापेटीहून जरा मोठा इन्सुलिन पंप असतो. त्यातून एक बारीक नळी पोटावर चिकटवलेल्या सेटपर्यंत जाते आणि थेंब थेंब औषध सोडत राहते. काही अडलं की पंप थरथरतो. दोन लांब, एक आखूड. आत्ता अगदी तसंच होत होतं. दोन लांब… एक आखूड.

मी पंप बाहेर काढून पाहिला. गप्प होता. "माझा नाही."

त्यानं त्याचा पाहिला आणि भुवई वर चढवली. "माझाही नाही."

थरथर चालूच होती. मी लिफ्टच्या दांडीला हात लावला तर ती दांडीत होती. मागे सरकले तर पाठीमागच्या पत्र्यात. कुणीतरी आत अडकलंय आणि आपल्या परीनं हाका मारतंय, असं काहीतरी. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, बाहेर कोणी नाही. म्हणजे बटणवालीच. ही दुसऱ्या मजल्यावरची चिमुरडी, लिफ्टची सगळी बटणं दाबून पळून जाण्यासाठीच जन्माला आलेली. कोपऱ्यामागून तिचं खिदळणं ऐकू आलं. दार मिटलं, तेव्हा थरथर थांबलेली होती.

"छान बिल्डिंग आहे तुमची," तो म्हणाला. तो सातव्या मजल्यावर मामाकडे शिकायला आला होता. मी चौथ्यावर उतरले, तेव्हा म्हणाला, "भेटू, चौथी."

"मी अकरावीत आहे," मी ठणकावून सांगितलं.

"मी मजल्याचं म्हणतोय." आणि तो हसला. हसताना त्याचा एकच गाल हसायचा… दुसरा विचार करत असायचा.

त्याच संध्याकाळी माझी शुगर चढली ती उतरेचना. पंपाच्या पडद्यावर सगळं व्यवस्थित, एकही सूचना नाही. शेवटी सेट उपटून काढला, तर पोटात जाणारी मऊ नळी कोपरासारखी दुमडलेली. औषध आत गेलंच नव्हतं. थोडंफार झिरपत राहिलं की पंपालाही कळत नाही, तो आपला खुशाल असतो.

आई कॉटच्या कडेला बसली आणि मला नको होतं तेच बोलली. शाळेचा डोंगरावरचा कॅम्प जवळ आला होता. आमच्या तुकडीची मी चक्क प्रमुख होते. मी, जी दोन वर्षांपूर्वी वर्गात डबा उघडायलाही लाजायची. आईचं म्हणणं सरळ होतं: भरवशाचा सेट मिळाला तर कॅम्प, नाहीतर घर. आवाज चढवला असता तर मी भांडले असते. तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

क्लिनिकमधल्या सिस्टरनी माझ्या पोटावर बोटं दाबून पाहिली आणि च्यक् केलं. जिथे दुखत नाही तिथेच मी पुन्हा पुन्हा टोचत आले होते. ती जागा आतून टणक आणि बधिर झाली होती, तिथे औषध नुसतं साचून राहायचं. शिवाय मी काटकुळी. सरळ आत जाणारी मऊ नळी माझ्यासारखीच्या अंगात स्नायूवर आपटून वाकते. त्यांनी दोन नमुने हातात ठेवले. एक तिरका जाणारा, मऊ नळीचाच, पण लांब सुईनं स्वतःच्या हातानं घालायचा. दुसरा स्टीलचा. त्यात छोटी सुईच आत राहते, म्हणून वाकायचा प्रश्न नाही, पण लवकर बदलावा लागतो आणि पट्टा घासला की टोचतो. माझा जुना सेट एक बटण दाबलं की खट्कन बसायचा, बघावंही लागायचं नाही. ही लांब सुई बघून मी तो नमुना लगेच टेबलावर परत ठेवला.

जाता जाता मी थरथरीचं विचारलं. पंपवाल्या सगळ्यांना असा भास होतो, त्या हसून म्हणाल्या, अंगाला सवय लागते. दोघांना एकदम झाला, हे सांगितल्यावर मात्र त्या हसल्या नाहीत.

मी चौथी, म्हणून तो सातवा. आम्ही भेटायचो ती जागा म्हणजे साडेपाचावा मजला. चार आणि सातच्या बरोबर मधला जिन्याचा वळसा. गणित त्यानंच केलं. तिथल्या खिडकीतून खालचा रस्ता दिसायला हवा होता, पण दिसायचं नुसतं पांढरं. खालून माणसांचे आवाज यायचे, माणसं नाहीत.

पहिल्या दिवशी तो एक संत्रं घेऊन आला.

"खायला?"

"टोचायला." तो संत्रं माझ्या हातात देत म्हणाला. "ह्याला तिरका सेट घाल. ह्याला दुखत नाही, आणि हे आईकडे तक्रारही करत नाही."

मी हसत हसत सुई घेतली आणि हात लटलटायला लागला. त्यानं माझा हात धरला नाही. नुसता आपला हात खाली धरला, टेकू देतात तसा, स्पर्श होईल न होईल इतक्या अंतरावर. त्या अंतराचीच ऊब माझ्या मनगटाला लागत होती. सुई आत गेली. तो म्हणाला, संत्रं शूर आहे. आठवडा संपेपर्यंत त्या संत्र्याचं साळिंदर झालं होतं, आणि मी माझ्या पोटावर, न टोचलेल्या बाजूला, डोळे उघडे ठेवून सेट घातला होता. दुखलं. पण दुसऱ्या दिवशी शुगर अशी शहाण्यासारखी चालली की आईनं यंत्र बिघडलंय का म्हणून पुन्हा तपासली.

तो स्वतः स्टीलचा सेट वापरायचा. मी नाक मुरडलं की म्हणायचा, "सुई आत आहे हे सतत कळतं गं. कुणीतरी आठवण करून देतंय असं वाटतं."

"आणि ते कुणीतरी बोचतं."

"बोचणाऱ्या माणसांची सवय होते," तो माझ्याकडे बघून म्हणाला, आणि मी खिडकीतल्या पांढऱ्याकडे फार लक्ष देऊन पाहू लागले.

या सगळ्यात थरथर येतच होती. एकदा जिन्याच्या कठड्यात आली आणि तासाभरात त्याच्या नळीत रक्त दिसलं. एकदा माझ्या घरच्या भिंतीत आली. मी सेट तपासला तर चिकटपट्टी सुटून तो लोंबत होता. दोन्ही वेळा पंप गप्पच होते. लिफ्टचा मिस्त्री येऊन मोटर उघडून बघून गेला, त्याला काही सापडलं नाही. वॉचमनकाका तर ठाम होते की असला आवाज त्यांनी कधी ऐकलाच नाही. कुणालाच ऐकू येत नव्हता. फक्त आम्हाला.

"आपण घाबरायला हवं ना?" मी एकदा विचारलं.

"मी घाबरतोच," तो म्हणाला. "पण ती खोटं बोलत नाही."

*ती.* तेव्हापासून आम्ही तिला तीच म्हणायला लागलो, आणि आवाज आपोआप खाली आणायला लागलो.

कॅम्पच्या आदल्या संध्याकाळी मी साडेपाचाव्यावर निरोप घ्यायला गेले. तो धावतच आला, केस ओले, शर्टाचं एक बटण चुकलेलं. सकाळी बसपाशी येईन, मग सांगतो एक गोष्ट, म्हणाला. कुठली, म्हटलं तर तोच एक गाल हसला.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की फाटकाशी उभी असलेली बस दिसत नव्हती, फक्त तिचे दोन पिवळे दिवे हवेत टांगलेले होते. आई मोठी बॅग घेऊन पुढे गेली. मी लिफ्टमध्ये शिरले, तळमजल्याचं बटण दाबलं… आणि ती आली.

दोन लांब. एक आखूड.

मी सेट चाचपला, घट्ट होता. शुगर तपासली, उत्तम. तरी ती थांबेना. इतकी जोरात कधीच नव्हती. दातांत शिरली, आरशावरचं धुकं तिनं थरारत होतं. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. बसपाशी कोण कोण आलंय म्हणून मी आईला फोन करून विचारलं. सातव्या मजल्याचं कुणी नव्हतं.

बाहेर बसचा भोंगा वाजला. मी सातचं बटण दाबलं.

बेल वाजवली, कुणी दार उघडलं नाही. त्याचा मामा पहाटेच्या पाळीला जायचा, घराची चावी वॉचमनकाकांकडे असायची. मी जिन्यातून ओरडले, काका धापा टाकत वर आले. दार उघडलं तर आत एक ओळखीचा वास होता, दवाखान्याचा. इन्सुलिनचा वास असतो तसा. तो पलंगावर, ओठ कोरडे, श्वास खोल आणि भराभर, पायापाशी बादलीत उलटी. मला बघून त्यानं "पाणी" म्हटलं, आणि ते मला म्हटलंय की छताला, कळलं नाही.

त्याचा पंप उशाशी चालू होता. पडद्यावर सगळं व्यवस्थित. नळीचं टोक सेटाला अर्धवट टेकवलेलं, बसलेलं नाही, आणि तिथून थेंब थेंब चादरीवर. रात्रभर. आंघोळीला नळी सोडवतो आम्ही, आणि परत जोडताना टक् असा आवाज ऐकायचा असतो. तो टक् राहून गेला होता. सुई जागच्या जागी होती, वाकली नव्हती, मोडली नव्हती. बिचारा सगळ्यात भरवशाचा सेट.

मी सिस्टरना फोन लावला. त्यांनी विचारलं तसं त्याची शुगर तपासली, यंत्रानं आकडाच दाखवला नाही, इतकी वर. त्यांनी डोस सांगितला. काकांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मी माझ्या खांद्यावरच्या छोट्या पिशवीतलं इंजेक्शनचं पेन काढलं. स्वतःला मी आठव्या वर्षापासून टोचत आलेय. पण त्याच्या दंडाला सुई लावताना हात पुन्हा त्या पहिल्या दिवसासारखा लटलटायला लागला. मग मी डावा हात उजव्याखाली धरला. टेकू देतात तसा.

खाली बस निघून गेल्याचा आवाज आला. ती थरथर नेमकी कधी थांबली, मला आठवत नाही.

हॉस्पिटलमधून सोडलं त्या दिवशी मी त्याला आणायला गेले, त्याच्या मामासोबत. मामा खाली गाडी लावत राहिला, मला वाटतं मुद्दामच सावकाश. आम्ही दोघं लिफ्टपाशी उभे राहिलो.

"इतकी वर्षं पंप वापरतोस," मी म्हटलं, "टक् ऐकला नाहीस?"

"घाईत होतो."

"कसली एवढी घाई?"

त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. "चौथी जाणार होती… तिला एक गोष्ट सांगायची होती. आंघोळ करताना पाठ केली होती मी."

"मग सांग की."

"विसरलो. शेवटचं वाक्य तेवढं आठवतंय." त्यानं ते सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते माझं आहे. उत्तर म्हणून मी माझा हात त्याच्या हातात दिला, आणि या वेळी मध्ये अंतर ठेवलं नाही.

लिफ्टचं दार मिटलं. आणि ती आली.

या वेळी आमचे हात स्वतःच्या कमरेला गेले नाहीत. त्यानं त्याचा पंप माझ्या हातात दिला, मी माझा त्याच्या. मी त्याची नळी दाबून पाहिली, टक्. त्यानं माझा आकडा वाचला, छान. दोघांचंही ठीक होतं.

ती चालूच.

"मग आता कुणाचं?" तो हलकेच म्हणाला. आमचंच असतं हे आम्ही धरून चाललो होतो. पण पहिल्या दिवशी, आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो, तेव्हासुद्धा ती इथे होतीच.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. कोणी बटण दाबलं नव्हतं.

दार उघडलं. बटणवाली समोर उभी होती. पळाली नाही, खिदळली नाही. फ्रॉक खांद्यावरून ओघळत होता, तो तिला कालपरवापर्यंत नीट बसत होता. दोन्ही हातांत पाण्याची मोठी बाटली, ती गटागटा संपवली आणि मागे उभ्या आईला म्हणाली, "अजून."

"काय झालंय हिला कोण जाणे," तिची आई म्हणाली, "दोन दिवस नुसतं पाणी पाणी. रात्रीतून अंथरूणही ओलं करते."

मला शाळेचा नळ आठवला. आठ वर्षांची मी, नळाला तोंड लावून, मैत्रिणी हसताहेत, आणि तहान काही केल्या भागत नाही. तेव्हा कुणालाच काही कळलं नव्हतं.

सातव्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून शुगर तपासायचं यंत्र काढलं, काकूंना म्हटलं, एक मिनिट देता का, आणि लिफ्टच्या दारातच गुडघ्यावर बसले.

"बटणवाली," मी म्हटलं, "बटणं दाबतेस ते बोट दाखव बघू."

तिनं बोट पुढे केलं. माझ्या पाठीमागे, लिफ्टमध्ये, थरथर थांबली.