मागची डावी सीट

सुदर्शनच्या गाडीत पाणी येतं, हे सगळ्यात आधी ललिताबाईंच्या चपलांना कळलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. नात तनया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला तपासणीला न्यायचं म्हणून सगळे निघाले होते. दवाखान्याच्या दारात ललिताबाई उतरल्या आणि फरशीवर त्यांच्या मागे ओले ठसे उमटत गेले. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. नारायण पेठेतलं डांबर उन्हाने मऊ झालं होतं.

"आई, पाण्याची बाटली सांडलीस का?" सुदर्शनने विचारलं.

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आठ वर्षांची नाही."

पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला मागच्या डाव्या बाजूचं कार्पेट दाबलं की बोटांभोवती पाणी गोळा व्हायला लागलं. मग तनया बाळंत झाली, मुलगा झाला, आणि त्या ओलीला घरात एकदम महत्त्व आलं. गुरुवारी मायलेकरांना घरी आणायचं होतं. या घरातलं प्रत्येक मूल ललिताबाईंच्या मांडीवरून घरी आलं होतं. सुदर्शन टांग्यातून, तनया रिक्षातून. टांग्याचा घोडा कुठल्या रंगाचा होता, तेही त्यांच्या लक्षात होतं. आता पणतवाची पाळी. गेले सहा महिने दुपट्यांच्या घड्या घालताना तो प्रवास त्यांनी मनातल्या मनात कितीदा केला असेल. त्या कुबट गाडीतून चार दिवसांचं पोर न्यायचं कसं?

सुदर्शन आणि सून नम्रता हॉस्पिटलच्या फेऱ्यांत अडकलेले. तेव्हा गाडीचं काम ललिताबाईंनीच अंगावर घेतलं आणि समाधानला बोलावलं.

समाधानचं गॅरेज कसबा पेठेत. गॅरेज म्हणजे एक शटर आणि समोरचा जेमतेम रस्ता. माणूस चाळिशीचा, मूळचा बुलढाण्याकडचा. गाडीत शिरणारं पाणी शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं शेजारचे सांगत. सोमवारी सकाळी तो हत्यारं घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्येच आला.

"पावसाळा नाही, काही नाही, मग पाणी येते कुठून, आजी?"

"ते मला ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

तो हसला आणि कामाला लागला. आधी एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी. ती तुंबली की पाणी आत सांडतं. शंभरातल्या ऐंशी गाड्यांत तीच चोर, असं त्याचं म्हणणं. ती मोकळी होती. इंजिनातलं पाणी असतं तर चिकट लागलं असतं, गोडसर वास आला असता. तसंही नव्हतं. दारांचं रबर धड होतं, काचेखालच्या खाचेत पाला अडकला नव्हता.

"पाणी मोठं लबाड असते, आजी," तो कार्पेट उन्हात पसरत म्हणाला. "शिरते एकीकडे, दिसते दुसरीकडे. मधल्या वाटेत वर्षं काढते."

जाताना त्याने गाडीच्या उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडरचा पातळ थर पसरला. पाणी ज्या वाटेने येईल त्या वाटेची रेघ पावडरीत उमटेल. संध्याकाळी एक फेरी मारा, म्हणाला.

संध्याकाळी सुदर्शनने आईला बाळ बघायला नेलं. ललिताबाई नेहमीसारख्या मागे डावीकडे बसल्या, पाय आखडून. हॉस्पिटलात नर्सने बाळाला हात लावू दिला नाही. लांबूनच बघितलं. कपाळ तनयाचं होतं. कान मात्र कुणाचे ते त्यांना लगेच कळलं.

मंगळवारी समाधानने दार उघडलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिला.

पावडरीत रेघ नव्हतीच. मधोमध गोल खळगे पडले होते, रुपयाएवढे, एकाला एक लागून. वरून ठिबकावं तसे. त्याने छताचं कापड बोटांनी दाबलं, कागद लावून पाहिला. सीटवरही लावून पाहिला. दोन्ही कागद कोरडे निघाले.

"छत कोरडं. सीट कोरडी. खाली ओल," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे थेंब या दोघांच्या मधातून पडते. मधात तर काहीच नाही ना."

त्याने खळग्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "नळाचं नाही हे. अन् गार किती आहे बघा, मे महिन्यात."

ललिताबाईंनीही बोट बुडवलं. शेवाळाचा वास आला, आणि त्याच्या आड तांब्याच्या घागरीच्या तळाचा. त्यांच्या लहानपणी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी पेठेतल्या हौदात पाणी यायचं, ते हे पाणी. त्यांनी बोट पदराला पुसलं. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"आता शेवटचा उपाय," समाधान म्हणाला. "एकाने आत बसायचं, बॅटरी घेऊन. दुसऱ्याने बाहेरून पाइप मारायचा, खालून वर, एकेक वीत. माझा माणूस लग्नाला गावी गेला आहे. तुम्ही बसाल का, आजी? पाच मिनिटं. पाणी दिसलं की काचेवर दोनदा वाजवा. मी तिथंच खडूने खूण करतो."

त्याने पत्रा पुसून नवी पावडर टाकली. ललिताबाई आपल्या जागेवर बसल्या. दारं बंद झाली. काचेपलीकडे समाधान पाइप धरून खाली वाकला आणि दिसेनासा झाला.

पाणी पत्र्यावर वाजायला लागलं. आधी चाकाजवळ, मग दाराच्या खालच्या अंगाला. ललिताबाईंनी दोन्ही हातांनी बॅटरी धरली होती, एका हातात ती जड व्हायची. उजेडाच्या गोलात पावडर पांढरीशुभ्र होती. पाणी खिडकीच्या काचेवर आलं, छतावर गेलं, मागे गेलं. आत एक थेंब नाही.

मग पावडरीत एक खळगा पडला.

त्यांनी बॅटरी वर केली. छत कोरडं होतं.

दुसरा खळगा. तिसरा.

तेव्हा त्यांना मांडीवरचा गारवा जाणवला. नऊवारी सोडून गोल साडी नेसायला लागूनही चाळीस वर्षं झाली होती, पण मांडीवर लुगड्याचा ओला बोंगा पडावा तसा तो भार होता. त्यांनी उजेड खाली वळवला. साडी मांडीवर काळपट भिजली होती. तिच्या काठावरून पाणी ठिबकत होतं.

काचेवर वाजवायला हवं होतं. हात बॅटरीवरून सुटेनात.

बाहेरून दार उघडलं.

"आजी, किती वाजवताय," समाधान म्हणाला. "मी पाइप कुठंही नेला तरी आपलं चालूच. पाइप बंद केला तरी चालू. काही समजेना."

"मी वाजवलं नाही."

"अहो, मी खुणा केल्या ना. हे बघा." दाराच्या बाहेरच्या अंगाला खडूच्या सात-आठ फुल्या होत्या. सगळ्या एकाच जागी, गुडघ्याच्याही खाली. "काचेवर नाही, इथं पत्र्यावर वाजत होतं. दोनदा. मग थांबून, पुन्हा दोनदा."

ललिताबाईंनी डोळे मिटले.

नऊ वर्षांची लली अकरा महिन्यांच्या भावाला, श्रीपादला, कडेवर घेऊन हौदावर गेली होती. त्याला काठावर बसवलं, हातात लाकडी खुळखुळा दिला आणि मैत्रिणीबरोबर सागरगोटे मांडले. तो खुळखुळा दगडावर आपटत होता. दोनदा. मग थांबून, पुन्हा दोनदा. आवाज कधी थांबला ते तिला कळलं नाही. घरी ती म्हणाली, मी नव्हतं नेलं. पोर एकटंच रांगत जाऊन हौदात पडलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. दाराची कडी आपणच लावली नाही, असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली. ललीने ते ऐकून घेतलं. ललिताबाईंनीही.

समाधानचं लक्ष त्यांच्या मांडीकडे गेलं. मग खाली पावडरीकडे, मग पुन्हा मांडीकडे. तो एक पाऊल मागे सरला. हातातला खडू पडला, तो त्याने उचलला नाही.

"गाडी चांगली आहे, आजी," तो शेवटी म्हणाला. त्यांच्याकडे न बघता. "गाडीत काही नाही."

बुधवारी त्यांनी सुदर्शनला सांगितलं, गाडी बरी झाली, मी मात्र येत नाही.

"आई, सहा महिने दुसरं काही बोलली नाहीस आणि आता?"

"गुडघा दुखतोय."

गुरुवारी दुपारी मंडळी आली. नम्रताने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तनया बाळाला घेऊन सरळ आजीच्या खुर्चीपाशी आली.

"गाडी अगदी कोरडी ठणठणीत होती बरं का, आजी. मी चपला काढून बघितलं." तिने दुपटं पुढे केलं. "घे ना. पहिला मान तुझा."

ललिताबाई सकाळपासून त्याच खुर्चीत बसून होत्या. समोरचा चहा गार झाला होता. दोन्ही हातांचं कडं करून त्यांनी मांडीवर धरलं होतं, बोटांत बोटं घट्ट अडकवून. त्यांनी पणतवाचे कान एकदा नीट पाहिले. श्रीपादचेच.

"आत्ता नको गं."

"का?"

"मांडी रिकामी नाही."

तनया हसली. मग हसायची थांबली आणि बाळाला छातीशी धरून मागे झाली.

"हे पाणी कुठून आलं?" नम्रता म्हणाली. तिने फडकं आणलं, खुर्चीखालची फरशी पुसली, आणि वाकलेली असतानाच मान वर करून छताकडे पाहिलं.

छत कोरडं होतं.