खालून आलेला आवाज

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, आणि खरी आहे.

ज्याच्यावर बेतली तो नॉर्मन प्लॅस्किट आमच्याच गल्लीत राहायचा. गाव हॉर्नकासल, परगणा लिंकनशायर, देश इंग्लंड. तारीख १९ फेब्रुवारी १९९४, शनिवार. वेळ दुपारी अडीचच्या सुमाराची.

विश्वास ठेवायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

नॉर्मन छप्पन्न वर्षांचा. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. तेव्हापासून त्याला हक्काचा माणूस म्हणजे एकच, एरिक टॉइन. तीस वर्षांची दोस्ती. दर शनिवारी एरिक नॉर्मनच्या गॅरेजमध्ये यायचा आणि दोघं मिळून काहीतरी खोलून ठेवायचे.

त्या वर्षी गाडी होती हिरवी, सदुसष्ट सालची, दोन सीटांची एमजी. नॉर्मनने तिचं चार सिलिंडरचं इंजिन काढलं होतं आणि तिथे आठ सिलिंडरचं बसवायचं ठरवलं होतं.

आता खरं सांगायचं तर ही गाडी एरिकच्या मनात भरली होती. तो शनिवारी जाऊन सौदा करणार होता. नॉर्मनने शुक्रवारी संध्याकाळीच जाऊन ती उचलली. एरिक त्यावर हसला होता.

"घे लेका. तुझ्याकडे असली काय, माझ्याकडे असली काय. काळे हात तर माझेच होणार."

तो हसला खरा, पण नॉर्मनच्या मनातून ते काही गेलं नाही.

मोठं इंजिन एका शेतावरच्या म्हातारीकडून मिळालं. तिने घासाघीस केली नाही. ट्रेलरला दोरी बांधताना एवढंच म्हणाली, "एकट्यानेच बसव हो. दुसरा माणूस घेऊ नकोस."

"एकट्याने कसं बसेल, बाई? खाली कुणीतरी लागतंच."

"आमच्या ह्यांनाही लागला होता," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

वाटेत नॉर्मन आणि एरिक दोघंही म्हातारीवर पोट धरून हसले.

दुसरा माणूस लागतो तो असा. इंजिन आणि गिअरबॉक्स, मिळून दोनशे किलोचा ऐवज, गॅरेजच्या तुळईला टांगलेल्या कप्पीवर लोंबकळत असतो. एक जण पुढे उभा राहून साखळी सोडतो. दुसरा गाडीखाली चाकांच्या फळीवर उताणा पडून गिअरबॉक्सची शेपटी जागेवर आणतो. इंजिन मध्ये असल्यामुळे वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून नियम एकच. खालून "ये" आल्याशिवाय वरच्याने साखळीची एक कडीही सोडायची नाही.

वरच्याने विचार करायचा नाही. आवाज ऐकायचा, बस.

त्या शनिवारी इंजिन अर्धं आत गेलं होतं. एरिकला खाली फळीवर सोडून नॉर्मन मागच्या शेडमधून बोल्ट आणायला गेला. पाच मिनिटांत परत आला आणि साखळी हातात घेतली.

"एरिक, तयार?"

"ये."

त्याने साखळी सोडली. कड्... कड्... कड्...

"ये."

कड्... कड्...

एरिक कामात गप्प बसणारा माणूस नव्हता. शेजाऱ्यांच्या कुत्र्यापासून फुटबॉलपर्यंत तोंडाचा पट्टा चालू असायचा. आज मात्र नुसतं "ये".

"काय रे, दात उपटून आलास की काय?"

खालून पुन्हा...

"ये. अजून ये."

नॉर्मनने सोडली. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. इंजिन स्टिअरिंगच्या दांड्यावर बसलं होतं.

आणि तेवढ्यात घराकडचं दार उघडलं.

एरिक दारात उभा होता. दोन्ही हातांत चहाचे मग, वाफाळलेले.

"कुणाशी बोलतोयस रे?"

नॉर्मनने वाकून गाडीखाली पाहिलं.

खाली कुणी नव्हतं.

रिकाम्या फळीची चाकं मात्र हळूहळू फिरत होती...

नॉर्मन भुतंखेतं मानणारा नव्हता. त्याला दुसराच संशय आला, आणि तो जास्त वाईट होता. गाडीखालून सरपटत निघायचं, बाजूच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायचं, चहाचे मग उचलायचे, घराकडच्या दाराने यायचं. एरिकला हे सहज जमलं असतं. दांडा वाकला तर गाडी महिनाभर अडकणार, आणि वैतागून नॉर्मन विकणार. विकत कोण घेणार?

त्याने तोंडाने काही विचारलं नाही. इंजिन पुन्हा वर ओढलं, गॅरेजला कुलूप लावलं. हुकापाशी साखळीच्या ज्या कडीवर भार थांबला होता, तिला पिवळा रंग फासून ठेवला.

बुधवारी दुपारी तो जेवायला बसला होता.

कड्...

त्याने काटा खाली ठेवला.

कड्... कड्...

तो धावत गेला. कुलूप जसंच्या तसं. आत कुणी नाही. पण पिवळी कडी चार बोटं खाली आली होती.

कप्पी आपोआप उतरत नाही. हाताने ओढावी लागते. आणि कुलपाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती.

तो तडक एरिकच्या दारात गेला.

"किल्ली दे."

"का रे? काय झालं?"

"काय झालं ते तुला ठाऊक आहे. गाडी हवी होती तर तोंडाने मागायची होतीस. असा पाठीमागून खेळ कशाला करतोस?"

एरिकचा चेहरा उतरला.

"माझ्या नाकाखालून गाडी उचललीस," तो म्हणाला, "मी एक शब्द बोललो? तीस वर्षं तुझ्याकडे येतोय, नॉर्मन. तुझी बायको गेली तेव्हा पंधरा दिवस तुझ्या सोफ्यावर झोपलो. आणि मी चोर?"

त्याने किल्ली नॉर्मनच्या पायाशी फेकली आणि दार लावून घेतलं.

नॉर्मनने किल्ली उचलली. आता दोन्ही किल्ल्या त्याच्याच खिशात होत्या.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. साखळी वाजली नाही. त्यावरून नॉर्मनचा संशय पक्का व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. घर त्याला खायला उठलं. शनिवारी सकाळपासून त्याचे कान एरिकच्या पावलांकडे लागले होते. तो येणार नाही हे कळत असूनही त्याने दोन मग काढून ठेवले.

दोन वाजता त्याने कोट घातला. खिशातल्या दोन किल्ल्यांपैकी एक एरिकला परत द्यायची आणि माफी मागायची, असं ठरवून तो निघाला. एरिकचं घर दहा मिनिटांवर. तो नदीकाठच्या लांबच्या वाटेने गेला. काय बोलायचं ते जुळवत होता, असं तो सांगतो.

एरिकच्या बायकोने, डोरीनने दार उघडलं. तिला हसू आलं.

"तू इथे कसा? तो तुझ्याकडेच गेलाय की!"

"माझ्याकडे?"

"तूच फोन केलास ना? मीच उचलला होता. म्हणालास, चुकलं माझं, त्याला पाठव, इंजिन बसवून टाकू. अरे, खूश होऊन पळाला तो. जाकीटसुद्धा विसरला."



"डोरीन... मी फोन नाही केला."

"काहीतरीच काय! तुझा आवाज मला कळत नाही होय?"

तो धावत सुटला.

गॅरेजचं कुलूप उघडं होतं. तोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडून कडीला नीट अडकवून ठेवलेलं होतं.

इंजिन पूर्ण खाली उतरलेलं होतं.

आणि गाडीखालून एरिकचे पाय दिसत होते.

त्याचा उजवा हात गिअरबॉक्स आणि आडव्या पट्टीच्या मध्ये सापडला होता. नॉर्मनने रडत रडत साखळी ओढली, ओझं वर घेतलं, एरिकला बाहेर काढलं. एरिक शुद्धीवर होता. डोळे नॉर्मनवरच लागले होते.

"थांब म्हणालो मी," तो म्हणाला. "तीनदा म्हणालो... थांब."

"एरिक, मी आत्ता येतोय रे. मी इथे नव्हतो!"

"वर तूच होतास. मी थांब म्हणत होतो... आणि तू वरून म्हणत होतास, येतोय. येतोय..."

एरिकचा जीव वाचला. हात मनगटापासून गेला.

नवव्या दिवशी नॉर्मन दवाखान्यात गेला. डोरीन उठून बाहेर गेली, त्याच्याकडे न बघता. एरिकने मात्र डाव्या हाताने खुर्चीकडे खूण केली.

"पोलीस आले होते," तो म्हणाला. "सांगितलं त्यांना, साखळी घसरली म्हणून. तू घरात नव्हतास म्हणून. डोरीनलाही फोनचं बोलू दिलं नाही."

"एरिक, खरंच मी..."

"तीस वर्षांच्या दोस्तीचं हे शेवटचं देणं समज. आता जा. परत येऊ नकोस."

नॉर्मन उठला. "मी नव्हतो" हे दोनच शब्द बोलायचे होते. ते त्याच्या तोंडापर्यंत आले होते.

पण तो बोलला नाही.

त्या नऊ दिवसांत त्याने नदीकाठची वाट चार वेळा चालून पाहिली होती. हळूहळू, थांबत थांबत. लांबची वाट झाली तरी वीस मिनिटांच्या वर लागत नाहीत. तो दोनला निघाला होता. डोरीनने दार उघडलं तेव्हा तिच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

मधली पंचवीस मिनिटं आपण कुठे होतो, हे नॉर्मनला आजही सांगता येत नाही.