कटंगीची मास्तरीण

माझा नंदकिशोर सध्या पानठेल्यावर उभा राहून सांगत असतो, की कटंगीच्या मास्तरणीनं त्याला दगा दिला. लग्न जुळत आलं होतं म्हणे, अन् पोरगी घमेंडीत उठून गेली. ऐकणारे हळहळतात, कोणी पान खिलवतो. वारासिवनीत कोणाचं दुःख असं फुकटचं पान चघळत फिरताना मी तरी पाहिलं नव्हतं! पोटचा पोर आहे म्हणून चारचौघांत गप्प राहिले. पण ज्या पोरीनं एक शब्द खोटा खपवून घेतला नाही, तिच्या नावानं रोज संध्याकाळी एक खोटं... हे मला गिळवत नाही. म्हणून जशी घडली तशी सांगते. अर्धी गोष्ट मला नंदूनं सांगितली. त्यानं जी गाळली, ती तिनं सांगितली.

नंदू बालाघाटला जंगल खात्यात बाबू आहे. कटंगीहून येणारी सकाळची छोटी गाडी तो वारासिवनीला पकडायचा. गाडी कसली, बैलगाडीलासुद्धा म्हणेल, बाई, तू हो पुढं! भादवा चालू होता. पाऊस तिरपा लागला होता. डब्यात एक सावळी, लांब वेणीची मुलगी उघड्या खिडकीशी बसली होती, अन् तळहात बाहेर काढून थेंब झेलत होती. समोर आमचे चिरंजीव, नवा कोरा बुशशर्ट घालून.

"खिडकी लावा ना जी... मी भिजून राह्यलो."

"मी नाही भिजून राह्यली?"

"तुमाले आवडते वाटते भिजणं."

"हौ. म्हून त उघडी ठेवली. तुमी साखरेचे असान त तिकडं सरका."

डब्यात जागा काय कमी होती? पण हा सरकला नाही. तिथंच बसला अन् बालाघाटपर्यंत भिजला. साहेबानं विचारलं म्हणे, "क्यों शिवणकर, वैनगंगा तैरके आये क्या?"

दुसऱ्या दिवशी तोच डबा. तिसऱ्या दिवशीही. बोलणं काही होत नव्हतं. ती पोरांच्या पाट्यांवर घालायची गणितं मनाशी पुटपुटायची, अन् हा तिच्या ओठांकडं पाहून उत्तरं काढायचा. बालाघाटच्या मराठी शाळेत ती मास्तरीण. वैनगंगेचा पूल आला की मात्र गणित थांबायचं. खाली पाणी पाहताना ती श्वास धरून बसायची, अन् पूल सरला की सोडायची. त्या एका श्वासावरच माझा पोरगा गेला, असं मला वाटतं.

एकदा पुलावरच त्यानं धीर करून विचारलं, "तुमचं नाव... कळन का?"

तिनं आधी पूल सरू दिला. मग त्याच्याकडं सरळ पाहून म्हणाली, "पुष्पलता चैतराम मेश्राम. कटंगीले बुद्धविहाराच्या मागं घर आहे. आता सांगा... याच बाकड्यावर बसता, का उठता?"

"बसतो," नंदू म्हणाला. "उठा म्हटलं तरी बसतो."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

खोटं कशाला बोलू, हे ऐकलं तेव्हा पोराचा मला अभिमानच वाटला होता. पण गाडीत बसणं सोपं होतं. गाडीत त्याचे लांजीचे काका नव्हते.

पुढं मग परसातले जांब, म्हणजे पेरू, रुमालात बांधून जायला लागले. ती एक खायची, दोन वर्गातल्या पोरांना द्यायची, अन् वर म्हणायची, "झाडावर चढून आणता, का मायले मागून?"

"चोरून आणतो."

"मंग नको. चोरीचं मी खात नाही. मायले विचारून आणा."

असं मला विचारलं गेलं. आधी जांबाचं, मग जांब खाणारीचं.

मी काही सुधारक-बिधारक नाही. माहेरी आम्हाला महारवाड्याच्या वाटेनं जायची बंदी होती, अन् आम्ही कधी काहून म्हणून विचारलं नाही. नंदूनं नाव सांगितलं तेव्हा मी बरेच दिवस भांडी आदळली. शेवटी म्हटलं, "आण तिले. पाहू त देजो, कोण आहे ते महाराणी."

ती आली. पांढरं पातळ, निळा काठ, कपाळ मोकळं. मी चहा दिला. कपात नाही, एका पितळी पेल्यात, तोही पाहुण्यांच्या भांड्यांतला नाही. ती सगळं समजली. निवांत चहा प्याली, पेला घासला, धुतला, अन् नेऊन माझ्या बाकीच्या पेल्यांत उपडा घातला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मावशी, वेगळा ठेवायचा असन त सांगा. मी घरी नेईन. पेला चांगला आहे."

माझ्या घरात, माझ्या तोंडावर! नवरा गेल्यापासून या घरात माझ्यासमोर कोणी मान वर केली नव्हती. मी तिच्याकडं पाहत राहिले अन्... हसूच आलं मला. "ठेव तिथंच," म्हटलं. "बस. जेवून जाजो."

त्या दिवशी जेवता जेवता तिनं बापाची गोष्ट सांगितली. छप्पन साली चैतराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. गावात आल्यावर त्यानं मेलेली ढोरं ओढायला नाही म्हटलं. गावानं मग दुकान बंद केलं, मजुरी बंद केली, पाण्याची वाट अडवली. तो वाकला नाही. बायकापोरं घेऊन कटंगीला आला, हमाली करून पोरीला शिकवली. पोरगी नोकरीला गेली तर तिथला बाबू म्हणाला, बौद्ध लिहू नको बाई, बौद्धाला सवलत नाही. महार लिही, उद्या नोकरी लागते. हिनं बौद्धच लिहिलं. वर्षभर घरी बसली, मग सगळ्यांच्या बरोबरीनं खुल्या जागेवर लागली.

"एवढा कायचा हट्ट वो?" मी विचारलं.

"मावशी, बापानं त्या नावासाठी गाव सोडलं. मी नोकरीसाठी नाव सोडू?"

मी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

नंदूला म्हटलं, "माझी हरकत नाही. पण लांजीच्या काकाले सांगावं लागन. मी सांगते."

"नाही माय," तो म्हणाला, "मीच सांगतो. माह्या तोंडानं."

मला बरं वाटलं. पोरगा मर्द झाला, म्हटलं.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री दंडारीचा खेळ, अन् पाहुणपणाच्या नावाखाली घरोघर सोयरिकी. पोरी पाहायच्या, पोरं पाहायची, पटलं तर तिथंच सुपारी फोडायची. माझे दीर भैयालाल लांजीहून आले. शिवणकरांच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. पुष्पलताही मंडईच्या निमित्तानं आली होती. चहापाणी तिनंच आणलं. दिरांनी पाणी प्यायलं, दुसरा गिलास मागून घेतला, तोही प्याले. मिशा पुसून म्हणाले, "वहिनी, पोरगी वळणाची दिसते. कोणाची वो?"

मला वाटलं, यांना माहीत आहे अन् मुद्दाम विचारतात. मी नंदूकडं पाहिलं.

नंदू म्हणाला, "आपल्यातलीच आहे, काकाजी. तुमसरच्या फुंड्यांची."

माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं.

दीर खूश. "फुंडे म्हणजे चांगलं घर! वहिनी, अडकित्ता आणा. मंडईचा मुहूर्त सोडू नोका."

पुष्पलता तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं नंदूकडं पाहिलं. अजूनही एखादा शब्द बोलेल म्हणून... अगदी थांबून पाहिलं. नंदूनं डोळ्यांनीच विनवलं, गप्प राहा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं तांब्या खाली ठेवला.

"काकाजी, सुपारी फोडायच्या आधी ऐकून घ्या. मी फुंड्यांची नाही. कटंगीच्या चैतराम मेश्रामची पोरगी आहो. आमी बौद्ध आहो."

दिरांचा चेहरा असा झाला, जसा घशात विंचू अडकला. "वहिनी... हे खरं आहे?"

"खरं आहे, भाऊजी," मी म्हटलं. "अन् पाणी गोड होतं, तेही खरं आहे. पहिला गिलास तुमी न समजता प्याले. दुसरा त मागून घेतला."

"वाळीत पडान वहिनी! समदं घर वाळीत पडन!" असं ओरडत ते पिशवी घेऊन निघाले ते थेट बसस्टँडवर. मंडईची जिलेबी तशीच राहिली.

पुष्पलताही निघाली. नंदू अंगणात आडवा आला. "एक दिवसापुरतं होतं ना, पुष्पा... लग्न झाल्यावर सांगितलंच असतं."

"केव्हा? पोरं झाल्यावर?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "अन् त्यायले काय शिकवलं असतं? आजोबाचं नाव विचारलं त फुंडे सांगजा म्हून?"

"मी तुह्यावर प्रेम करतो म्हून केलं ना हे..."

"मालूम आहे. म्हून त जास्त लागलं."

मी तिला एकटी जाऊ दिली नाही. मंडईच्या गर्दीतून तिचा हात धरून टेसनावर गेले. लोक पाहत होते, मी पाहू दिलं. नंदू मागून आला, चार हात अंतर ठेवून. गाडी यायची होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, अन् भडाभडा बोलला. जबलपूरला बदली मागतो. तिथं कोर्टात लग्न करू. तिथं कोणी आपल्याला ओळखत नाही.

"मले ओळखतात तिथं करा ना," ती म्हणाली. "कटंगीच्या विहारात. काकाजी नाही आले त चालते. पण तुमी या. दिवसा या, मोठ्या रस्त्यानं या. माह्या बापाले म्हणा, मी नंदकिशोर शिवणकर, तुमची पोरगी मागाले आलो. एवढंच मागते मी... फार आहे का?"

तिनं हात पुढं केला होता. बांगडीही नव्हती त्यात, घड्याळाचा काळा पट्टा तेवढा. मी माझ्या पोराकडं पाहत होते. धर रे, धर... देवाशपथ, मी मनात हेच म्हणत होते.

नंदूनं फलाटावर इकडं-तिकडं पाहिलं. कोणी ओळखीचं आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, "पाहू..."

तिनं हात मागं घेतला. "पाहा," म्हणाली, अन् आलेल्या गाडीत चढली.

ती गाडी इतकी हळू सुटते, की माझ्यासारखीनं मनात आणलं असतं तर लुगडं खोचून पळत जाऊन पकडली असती. नंदू जागचा हलला नाही. शेवटचा डबा गेला तरी उभाच.

दुसऱ्या दिवसापासून तो बसनं ऑफिसला जायला लागला.

पौषात ती एकदा मला भेटायला आली, नंदू ऑफिसला गेल्यावर. गोंदियाला तिच्या मावशीजवळ शाळा मिळाली होती, आठवडाभरात जायची होती. तोंड उतरलं होतं, पण पातळाची घडी तशीच कडक. चुलीशी बसली, शेंगा सोलू लागली. सोलता सोलता म्हणाली, "रोज वारासिवनी आली का दाराकडं पाहो, मावशी. वाटे... आज चढतील. घरी नाही आले त नाही, डब्यात तरी येतील. बाजूची जागा कोणाले बसू देत नव्हती."

"अन् आता?"

"आता बसू देते."

शेंगा सोलायच्या थांबल्या. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना ती वाकली नाही, मीही वाकू दिली नसती. गळ्यात पडली, अन् गेली.

काल लांजीहून दिरांनी नंदूसाठी स्थळ पाठवलं. खऱ्या फुंड्यांची पोरगी. नंदू 'हौ' म्हणाला. संध्याकाळी माझ्याजवळ ओसरीत येऊन बसला, बराच वेळ नखं कुरतडली, मग हळूच म्हणाला, "माय, तूच सांग. ते घमेंडी होती का नाही? मी काही वाईट माणूस आहो का?"

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं.

"घमेंडी मी आहो, नंदू. घमेंड काय असते ते मले नको शिकवू. ते पोरगी फक्त आपल्या बापाचं नाव सांगत होती. तू वाईट नाहीस रे बापा. वाईट असता त तिनं एवढे दिवस बाजूची जागा राखली नसती. तुले ते पाहिजे होती, पण लपवून पाहिजे होती. अन् लपवून ठेवाची चीज नव्हती ते. तुह्या काकाले वाटते, ते आपल्यापेक्षा कमी होती. ते कमी नव्हती, नंदू. तू कमी पडला. अन् तुह्या पायी माझी सून गेली."