आहे की नाही, सांगता येत नाही

"तुमच्याकडे ते क्लॅरिनेट आहे की नाही, एवढंच विचारतोय मी! हो किंवा नाही. यात न सांगण्यासारखं काय आहे?"

दुकानाचं दार ढकलून आत आलेला माणूस पहिल्याच वाक्याला भांडायला लागला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याचा चष्मा धुरकटला होता, तरी चष्म्याच्या वरून तो गल्ल्यामागे उभ्या असलेल्या तिच्याकडे डोळे वटारून पाहत होता. तिने आवाज लगेच ओळखला. सकाळी फोनवर 'सांगता येत नाही' म्हणून वाटेला लावलेलं गिऱ्हाईक ते हेच.

"फोनवर सांगता येत नाही," ती म्हणाली.

"आता मी फोनवर नाही. तुमच्यासमोर उभा आहे... ओला."

"मग नाव घ्या."

"माझं?"

"तुमचं घेऊन मी काय करू? क्लॅरिनेटचं! मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन मागा, म्हणजे मला दाखवता येईल."

ही बाई आपली थट्टा करतेय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण थट्टा कसली? नियमच होता तो. वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने सगळ्या विक्रेत्यांना तो घालून दिला होता. साधी मॉडेलं खुशाल मांडा. पण सगळ्यात वरचं मॉडेल काचेत ठेवायचं नाही, पाटीवर लिहायचं नाही, जाहिरातीत त्याचं चित्र नको, आणि फोनवर 'आहे' असंसुद्धा म्हणायचं नाही. गिऱ्हाईक आपल्या पायांनी दुकानात आलं आणि त्याने नाव घेऊन मागितलं, तरच खण उघडायचा. का, तर म्हणे वाद्याची शान राहते! शान कसली डोंबलाची. फोन करणारे 'सांगता येत नाही' ऐकून वैतागायचे आणि थेट कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या दुकानात जायचे. तिथे तेच मॉडेल दर्शनी भागात दिव्याखाली झळकत असायचं! इथे मात्र आडात पाणी, आणि पोहरा सोडायला बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, हे ती रोज एकदा तरी बाबांना ऐकवायची. बाबा आतल्या खोलीत जुन्या वाद्यांच्या चाव्यांखालच्या गाद्या बदलत बसायचे आणि नुसतं 'हं' म्हणायचे. त्यांनी हौसेने उभं केलेलं दुकान आता तीच सांभाळत होती. लाडाने ते तिला 'ठिणगी' म्हणत.

त्याने नाव घेतलं. स्पष्ट, सावकाश, शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं. तिने खण उघडला आणि मखमलीवरचे ते काळे, गुळगुळीत तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

भांडण तिथेच विरलं. त्याने एकेक तुकडा हळूच फिरवत जोडला, रीड, म्हणजे फुंकायची वेताची पातळ पट्टी, ओठांत धरली आणि ती भिजेपर्यंत तो तसाच उभा राहिला... बोलता येईना, म्हणून नुसता तिच्याकडे पाहत. तिला उगाचच पदर नसलेल्या खांद्यावरून काहीतरी सारखं करावंसं वाटलं. मग त्याने एकच खालचा सूर लावला. लांब, उबदार, कुठेही न थरथरणारा. आतल्या खोलीतून बाबा हातातली पकड तशीच घेऊन दारात आले आणि सूर संपेपर्यंत हलले नाहीत.

क्लॅरिनेट त्याने त्याच दिवशी नेलं. आणि त्यानंतर तो येतच राहिला.

तो संगीतशाळेत शिकवायचा, म्हणून ती त्याला 'मास्तर' म्हणू लागली. मास्तरांना कधी रीड हवी असे, कधी सांध्याचं बूच सैल झालेलं असे, कधी काहीच नसे.

"आज काय बिघडलं?" ती विचारायची.

"वरच्या चावीचा जरा आवाज येतोय... टिकटिक."

"वाजवून दाखवा."

तो वाजवायचा. चावीचा काही आवाज यायचा नाही.

"येत नाहीये," ती म्हणायची.

"तुमच्यासमोर शहाण्यासारखी वागते ती. घरी फार त्रास देते."

"मग तिला इथेच ठेवून जा."

"आणि मी?"

"तुमच्यासाठी खण नाही आमच्याकडे!" असं म्हणून ती पाठ फिरवायची. हसू लपवायला दुसरा उपाय नसायचा. बाबा आतून 'हं' म्हणायचे, पण त्या 'हं'चा सूर अलीकडे वेगळा लागत होता.

आणि मग मास्तरांनी तो प्रताप केला.

फोन कंपनीतून आला. आवाज गोड, शब्द मात्र सुरीसारखे. तुमच्या दुकानातर्फे मनाई असलेल्या मॉडेलची जाहिरात झाली आहे. आमचे साहेब उद्या येऊन चौकशी करतील. खरं निघालं तर विक्रीचा परवाना रद्द. परवाना गेला की दुकानात उरणार काय? बाबांची पकड आणि दोन रिकामी कपाटं! जाहिरात कोणी केली हे तिला कळेना. शेजारणीने मोबाइल पुढे धरला तेव्हा कळलं. मास्तर! शिकणाऱ्यांसाठी ते चित्रफिती टाकत असत, आणि या फितीत तेच क्लॅरिनेट हातात घेऊन तब्बल अर्धा तास त्याचे गुण गात होते. शेवटी हसतमुखाने म्हणत होते, 'आणि हे मिळत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. या दुकानात आहे. बिनधास्त जा.' खाली दुकानाचा पत्ता, ठळक अक्षरांत.

ती तशीच संगीतशाळेत गेली. वर्ग चालू होता.

"मास्तर, बाहेर या."

तो बाहेर आला. चेहरा उजळलेला. "बघितलंत? किती जणांनी पाहिलं माहितीये? आता बघा, रांग लागेल तुमच्याकडे!"

"रांग लागायला दुकान राहायला नको?" तिचा आवाज चढला. वर्गातले सगळे सूर एकाएकी थांबले. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे उपद्व्याप करायला? आम्ही वर्षानुवर्षं तोंडाला कुलूप लावून बसलोय, आणि तुम्ही चावडीवर जाऊन दवंडी पिटता?"

"मी तर... कौतुक केलं फक्त."

"तुमचं कौतुक, कंपनीची जाहिरात, आणि आमचा गळा! एकदा विचारायचंत तरी मला!"

"मला वाटलं, तुम्हाला आवडेल," तो इतक्या बारीक आवाजात म्हणाला, की तिला आणखीच संताप आला. त्याच्यावर चिडायलासुद्धा धड मिळत नव्हतं. तिने त्याला दुसऱ्या दिवशी दुकानात हजर राहायला फर्मावलं आणि ती निघाली. रस्ताभर तिचे डोळे भरून येत होते, आणि आपण रडतोय याचाच तिला राग येत होता.

साहेब आले ते किडकिडीत, अदबशीर गृहस्थ निघाले. त्यांनी खुर्ची पुसून घेतली, बसले आणि मास्तरांना शांतपणे विचारलं, "फीत तुम्हीच केलीत?"

"मीच."

"दुकानाने सांगितलं म्हणून?"

"छे! यांना कळल्यावर मला खाऊ की गिळू झालं होतं."

"असं पाहा, वाजवणाऱ्याने आपल्या वाद्याचं कौतुक केलं तर कंपनीचं काही म्हणणं नाही. ती जाहिरात होत नाही. पण विक्रेता, त्याचे नोकर किंवा त्याची घरची माणसं बोलली, तर ती जाहिरात. तेव्हा मला एकच कळायला हवं." त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमचं या बाईंशी नातं काय?"

"काहीही नाही," मास्तर म्हणाले.

क्षणाचाही विलंब न लावता! पापणीसुद्धा न हलवता! दुकान वाचलं होतं, हे तिला कळत होतं. आतल्या खोलीत बाबांनी सोडलेला सुटकेचा श्वासही तिने ऐकला. पण ते उत्तर तिला लागलं ते लागलंच. काहीही नाही? ती टिकटिक, ते रीड ओठांत धरून बघत राहणं... ते सगळं काहीही नाही? जरा अडखळला असता तर काय बिघडलं असतं?

"उत्तम," साहेब उठत म्हणाले. "मग प्रश्नच मिटला."

गप्प बसली असती तर ती ठिणगी कसली? "थांबा," ती म्हणाली.

"ठिणगे!" आतून बाबांचा दबका आवाज आला.

"साहेब, नातं फीत केली त्या दिवशी असायला हवं, की आज असलं तरी चालतं?"

"त्या दिवशी. नियम त्या दिवसापुरता."

"मग असं सांगा तुमच्या कंपनीला, की त्या दिवशी काहीही नव्हतं. आज आहे."

साहेब पुन्हा बसले. "काय नातं आहे?"

"ते यांना विचारा," ती म्हणाली, आणि हाताची घडी घालून मास्तरांकडे पाहू लागली. गाल तापले होते, पण नजर तिने हलवली नाही.

मास्तरांचा चष्मा या वेळी पावसाशिवायच धुरकटला. "मला... म्हणजे... यांची हरकत नसेल, तर... मला यांच्याशी लग्न करायचंय."

"हरकत असती तर मी मधे बोलले असते का?"

साहेबांनी घसा साफ केला. "अभिनंदन. जुनी फीत राहू द्या. पण मास्तर, आजपासून तुम्ही घरचे. या मॉडेलबद्दल चारचौघांत चकार शब्द काढायचा नाही. फितीत नाही, मैफलीत नाही, विद्यार्थ्यांपुढेही नाही. कायमचं. विचार करून सांगा."

त्या क्लॅरिनेटबद्दल बोलताना हा माणूस कसा लहान मुलासारखा होतो, ते तिने पाहिलं होतं. तेच आपण रागाच्या भरात काढून घेतलं की काय? "मास्तर, माझ्यासाठी म्हणून... नको," ती पुटपुटली. "जे आधी बोललात तेच राहू दे. काहीही नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "क्लॅरिनेटबद्दल गप्प बसेन. मग यांच्याबद्दल बोलायला तरी कंपनीची मनाई नाही ना?"

"त्यांच्याबद्दल?" साहेब पहिल्यांदाच हसले. "छे, छे. त्यांची जाहिरात हवी तेवढी करा."

साहेब गेले. दार मिटलं. आतल्या खोलीत बाबांनी काहीच काम नसताना हातोडी आपटायला सुरुवात केली.

ती डोळे पुसत रागाने म्हणाली, "त्या लाकडाबद्दल अर्धा तास बोलता. आणि माझ्याबद्दल? 'काहीही नाही'! कसं निघालं तुमच्या तोंडातून?"

"फार जड गेलं," तो म्हणाला. "घरच्या माणसांचा नियम बाबांनी मला कालच सांगितला होता, म्हणून रात्रभर घोकून आलो होतो. अडखळलो असतो तर तुझं दुकान गेलं असतं."

तुझं. तो तुझं म्हणाला, हे तिला जरा उशिराच कळलं. रागावण्यासारखं आणखी काही सापडतंय का, ते तिने घाईघाईने शोधून पाहिलं. काहीच सापडेना.

"मग बोल की आता," ती म्हणाली. "मी ऐकतेय."