शिरोडकरांच्या पसंतीचा हेडफोन

निःशब्द कक्षात जयवंत शिरोडकर डोळे मिटून ऐकत बसले होते आणि काचेपलीकडे डॉ. अश्लेषा गुळवणी त्यांच्या निकालाची वाट पाहत होत्या. शिरोडकर म्हणजे हेडफोनच्या दुनियेतली बडी असामी. 'गाणं मोकळं वाटत नाही' एवढं त्यांनी लिहिलं, की तो हेडफोन दुकानात धूळ खात पडलाच म्हणून समजा. आज त्यांच्यापुढे दोन हेडफोन होते: बाजारातला अव्वल 'तेजस्वर' आणि अश्लेषाबाईंनी काही वर्षं खपून बनवलेला 'समध्वनी'. दोन्ही महागडे, दोन्ही बंद पाठीचे, म्हणजे बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये असे. शिरोडकर नाही म्हणाले, तर 'समध्वनी'चं काम बंद करायचं असं वरून ठरलेलंच होतं.

चाचणी संपली की हेडफोनमध्येच एक बारीक, उंच शिट्टी वाजे आणि त्याच वेळी काचेबाहेरच्या टेबलावर हिरवा दिवा लागे. शिट्टी ऐकली की हेडफोन उतरवायचा, एवढीच सूचना होती. दिवा लागला. शिरोडकर बसूनच राहिले. तल्लीन झाले असतील, असं समजून बाई आत गेल्या आणि त्यांनी शिरोडकरांच्या खांद्याला हात लावला.

"मंद आहे हो तुमचा," हेडफोन उतरवत शिरोडकर म्हणाले. "प्रामाणिक आहे, पण मंद. झांजा फडक्यात गुंडाळून वाजवल्यासारख्या वाटतात. 'तेजस्वर' बघा, कसा लख्ख! आणि आराम म्हणाल, तर त्याच्या गादीला तोड नाही. डोक्यावर काही आहे याचाच विसर पडतो. आमची मुलगी ऋजुता सकाळी चढवते, ती जेवायलाच काढते."

बाईंचा चेहरा उतरला. काही सुचेना म्हणून त्यांनी समोरच्या मापनाच्या पडद्याकडे पाहिलं, आणि त्या पाहतच राहिल्या.

"काय झालं?" शिरोडकरांनी विचारलं.

"बाहेरचा गोंगाट मारण्यासाठी हेडफोनच्या आत माइक असतोच, सर. आमच्या माइकला कानाचा आवाजही टिपता येतो. पाठ बंद असल्यामुळे आत तेवढी शांतता मिळते."

"कानाचा आवाज? कान ऐकतो की बोलतो?"

"दोन्ही करतो. आत केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. सूर आला की त्या थरथरतात आणि त्यांचा स्वतःचा अगदी क्षीण आवाज उलट बाहेर येतो. आम्ही त्याला कर्णोद्गार म्हणतो. जिथल्या पेशी मेल्या, तिथून उत्तर येत नाही."

पडद्यावरची रेघ बराच वेळ नीट चालली होती. उंच सुरांच्या पट्ट्यात मात्र ती तळाला टेकली होती.

"इथून तुमच्या कानांनी काहीच उत्तर दिलेलं नाही," बाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या. "आमची शिट्टी याच पट्ट्यातली आहे. ती वाजली होती, सर."

शिरोडकर लालबुंद झाले. "या कानांवर घर चालवलंय मी!"

"वयानं होतं असं. हळूहळू कमी होत गेलं की मेंदूला सवय होते. जेवढं ऐकू येतं, तेवढंच पूर्ण वाटतं."

"आणि 'तेजस्वर'वाले? नमुना बाजारात आणण्याआधी ते मला ऐकवतात. दरवेळी मी सांगतो, वरचे सूर जरा उजळा. ते उजळतात आणि लोकांच्या उड्या पडतात. ते सगळे बहिरे आहेत का?"

बाईंनी 'तेजस्वर' मापनाच्या लाकडी डोक्यावर चढवला आणि तेच गाणं लावलं. उंच सुरांच्या जोराचा आकडा बघून त्यांनी घाईघाईने आवाज खाली आणला.

"तुम्हाला जेवढं कमी पडत गेलं, तेवढं ते वाढवत गेले," त्या म्हणाल्या. "धड कान हे थोडा वेळ सोसेल. पण इतक्या मऊ गादीत थोड्या वेळावर थांबतं कोण? पूर्वीचे हेडफोन कानाला टोचायचे. माणूस कंटाळून काढून ठेवायचा. तेच बरं होतं म्हणायचं."

"उगाच घाबरवू नका." शिरोडकरांना आता हुकमाचं पान सापडलं होतं. "मी पसंत केलेला प्रत्येक हेडफोन ऋजुता शाळेपासून वापरतेय. रेकॉर्डिंगचं संपादन करते ती, कानांवरच पोट आहे तिचं. खाली गाडीत बसलीय, बोलवा तिला. शब्दन् शब्द माझ्यासारखंच सांगेल!"

हे ते मोठ्या अभिमानाने म्हणाले. बाईंना ते वाक्य मुळीच आवडलं नाही.

ऋजुता आली. तिशीच्या आतली, हसतमुख, गळ्यात 'तेजस्वर' अडकवलेली. तिने दोन्ही हेडफोन मन लावून ऐकले.

"हा 'समध्वनी' जरा दबलेला वाटतो, नाही का बाबा? झांजा कुठेतरी पलीकडच्या खोलीत वाजतायत असं वाटतं."

शिरोडकरांनी बाईंकडे विजयाने पाहिलं. मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. ऋजुताची रेघही त्याच पट्ट्यात तळाला टेकली होती.

"'समध्वनी' एकदाच पुन्हा घालशील?" बाईंनी ऋजुताला विचारलं. "बारीक शिट्टी वाजेल. वाजली की काढायचा."

"एवढंच ना?" ऋजुताने डोळे मिटले.

शिरोडकर बाईंबरोबर काचेबाहेर येऊन उभे राहिले. गाणं संपलं. टेबलावरचा हिरवा दिवा लागला.

काढ, ते मनात म्हणाले. काढ गं, ऋजू.

ऋजुता शहाण्या मुलीसारखी ताठ बसून होती. बाईंनी बटण दाबून शिट्टी पुन्हा वाजवली. दिवा पुन्हा लागला. बाईंचा हात तिसऱ्यांदा बटणाकडे गेला, तेव्हा शिरोडकरांनी मानेनेच नको म्हटलं. ते दार उघडून आत गेले आणि मुलीच्या डोक्यावरून त्यांनी हेडफोन आपल्या हाताने उतरवला.

ऋजुताने डोळे उघडले.

"असं काय करता बाबा?" ती म्हणाली. "शिट्टी वाजायचीय अजून."