पाववाली, पायवाला आणि दुसरा गिअर

चढावरच्या वळणावर गाडी अडकली आणि पाववालीच्या तोंडून एक शब्द निसटला. शब्द काही फार वाईट नव्हता, पण सकाळच्या धुक्यात, सामसूम रस्त्यावर तो चांगलाच खणखणीत वाजला. मागे ट्रेमध्ये गरम पाव, पुढे हॉस्पिटलचं कँटीन वाट बघतंय, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ना वर जाईना, ना खाली येईना.

"पहिला आणि दुसरा, दोन्ही एकदम धरून बसलीय," खिडकीपाशी कुणीतरी म्हणालं.

तिनं मान वळवली. चामड्याचा एप्रन, केसांत प्लास्टरची पांढरी पूड, हातात पाना. वय तिच्याहून फार जास्त नसावं.

"तुम्हाला काय माहीत?"

"आधी कडकन आवाज आला... मग तुम्ही बोललात." तो गालातल्या गालात हसला. "बॉनेट उघडू?"

ती शरमली, पण बॉनेटचा खटका ओढला. गाडी म्हणजे एक जुनीपुराणी डिलिव्हरी व्हॅन. तिचा गिअर जमिनीतून यायचा नाही, स्टिअरिंगला चिकटलेला असायचा. त्याच दांड्याच्या तळाशी, बॉनेटखाली, दोन लोखंडी हात शेजारीशेजारी होते. एकाकडे पहिला आणि रिव्हर्स, दुसऱ्याकडे दुसरा आणि तिसरा. त्यांना जोडलेल्या सळ्यांच्या टोकांतले बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या कड्या, झिजून गेल्या होत्या, त्यामुळे गिअर बदलताना कधीकधी दोन्ही हात एकदमच पकडले जायचे आणि गाडी जागच्या जागी रुसायची. त्यानं पान्याच्या टोकानं एक हात हळूच मागे सारला. टक् झालं आणि गिअर मोकळा झाला.

तेवढ्यात तिची नजर त्याच्या उघड्या दाराकडे गेली. आत भिंतीवर ओळीनं पाय टांगलेले होते. ती दचकलीच.

"घाबरू नका, कुणाचे काढून आणलेले नाहीत. मीच बनवतो. ज्यांना हवेत त्यांच्यासाठी."

तिनं मागच्या ट्रेमधला एक पाव काढून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मी पाववाली."

"मी पायवाला." पावाची वाफ त्याच्या चेहऱ्यावर येत होती. "एकाच अक्षराचं अंतर आहे."

"ते राहू द्या तसंच," ती म्हणाली आणि गाडी हाकली. कँटीन येईपर्यंत मात्र तिचं हसू काही आवरलं नाही.

गाडी खरं तर मावशीच्या यजमानांची. काका हयात असताना रोज सकाळी तिला पुसायचे, तिच्याशी बोलायचे. मावशी त्या गाडीला सरळ 'सवत' म्हणायची. काका गेले, बेकरी मावशीच्या गळ्यात पडली, आणि सवत भाचीच्या. गाडी चालवायला काकांनीच तिला शिकवलं होतं. त्यांचं सांगणं एकच असायचं: पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रलला थांबायचं, एक श्वास घ्यायचा, मग गिअर वर न्यायचा. घाई केली की ती रुसते.

पहिल्या दिवशी तो श्वास घ्यायचा तिचा खरोखरच राहून गेला होता. त्यानंतर मात्र... आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्यानंतर चढ चढताना हॉटेलपाशी, शाळेपाशी, बाजाराच्या तोंडाशी ती अगदी शहाण्यासारखा श्वास घ्यायची. फक्त त्या वळणावरच तिला भलती घाई व्हायची.

मग कडकन आवाज, मग पाना घेऊन बाहेर येणारा तो. त्यानं पहिल्याच खेपेला सांगितलं होतं की असले बुश आता बाजारात मिळत नाहीत. गुडघ्याच्या सांध्यांसाठी त्याच्याकडे नायलॉन असतं, त्यातून बनवता येतील. सवड झाली की करतो. सवड काही होत नव्हती आणि तीही आठवण करून देत नव्हती.

"आज उशीर केलात," एकदा बॉनेटमध्ये डोकं घालून तो म्हणाला.

"वाट बघत होतात?"

"पावाची."

"मग पाव ठेवून जाते. मी नाही थांबत."

"गाडी निघाली तर जा ना," तो म्हणाला, आणि त्या दिवशी तो लोखंडी हात सरकवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण कँटीनच्या मॅनेजरचा फोन आला. पेशंट चहा घेऊन बसतात आणि पावाचा पत्ता नसतो, असं त्यानं मावशीला सुनावलं. मावशीनं बेकरीतल्या भट्टीवाल्याला विचारलं, हिची गाडी असते कुठे? भट्टीवाला बिचारा सरळ माणूस. पायवाल्याकडे थांबते म्हणाला. पण भट्टीच्या आवाजात मावशीला ऐकू आलं भलतंच.

खालच्या गल्लीत एक पाववाला होता. त्यानं मावशीच्या लांबट पावाची हुबेहूब नक्कल केली होती, आणि तेव्हापासून मावशी त्याची सावलीही अंगावर पडू देत नव्हती.

"त्या पाववाल्याकडे रोज थांबतेस म्हणे," मावशीनं भाचीला गाठलं.

भाचीच्या कानात एकच माणूस बसलेला. तिनं बरोब्बर उलटं ऐकलं आणि कानापर्यंत लाल झाली. "थांबते... म्हणजे गाडी थांबते, मावशी."

"त्याचा माल बघितलायस कधी? दुसऱ्या दिवशी दगडासारखा कडक होतो."

"कडकच लागतो तो. मऊ असला तर माणूस त्यावर उभा कसा राहणार?"

मावशीचा हात पिठात थांबला. "उभा?"

"उभा राहतो, चालतो. परवा एक आजोबा तर जिना चढून गेले."

"पावावर?"

"पायावर."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भट्टीवाल्याला एकदम भट्टीत काहीतरी बघायचं आठवलं. मग मावशीला जे हसू फुटलं, त्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पिठाच्या हातानं पुसून तिनं आणखीच घोटाळा केला.

पण मावशी हसली म्हणून विरघळली नाही. तिनं निक्षून सांगितलं. तो माणसांचे गुडघे करतो ना? मग या रविवारी सवतीचेही सांधे नीट करून घ्यायचे. सोमवारी पाव पुन्हा उशिरा पोचले तर भंगारवाल्याला बोलावणार. एकदा नवा टेम्पो दारात आला की कुणाचं रडणं नको आणि रुसणं नको.

पाववाली पुरती कात्रीत सापडली. दुरुस्ती केली नाही तर काकांची गाडी जाणार. केली तर गाडी त्या वळणावर अडकणार नाही, आणि अडकली नाही तर त्याच्या दारात थांबायचं कशासाठी? रोज पाव घेणारं काही त्याचं दुकान नव्हतं. आणि तिला तो आवडत होता. हे तिनं स्वतःशी पहिल्यांदाच स्पष्ट कबूल केलं, तेही कणीक मळताना, त्यामुळे ती कणीक जरा जास्तच मळली गेली.

रविवारी तिनं त्याला मावशीचं फर्मान सांगितलं. त्यानं हातातला पाना टेबलावर ठेवला.

"मग करायलाच हवं," तो म्हणाला.

अंगणात ऊन कोवळं होतं. त्यानं क्लिपा काढल्या, सळ्या सोडवल्या. जुन्या बुशांचा त्याच्या तळहातावर बिस्किटासारखा चुरा झाला. मग त्यानं टेबलावर नवे बुश मांडले, पांढरे, गुळगुळीत.

"हे कधी बनवलेत?"

"झाले... सवड मिळेल तसे," तो म्हणाला आणि ग्रीसचा डबा शोधायला लागला. डबा त्याच्या समोरच होता.

बुश बसले, सळ्या लागल्या. शेवटचं काम दोघांचं होतं. दोन्ही लोखंडी हात न्यूट्रलला बरोबर शेजारी आले की त्यांच्या भोकांतून एकच खिळा आरपार जातो. तो गेला की सळ्यांची लांबी ठरवून नट आवळायचे. तोवर वर कुणीतरी गिअर घट्ट धरून ठेवायचा. ती सीटवर बसली, तो गाडीखाली सरकला.

"हलू नकोस," खालून आवाज आला.

मग खालची पान्याची खटखट एकदम थांबली.

"हलू नका... असं म्हणायचं होतं."

"दोन्हींतलं कुठलं ऐकू?" तिनं विचारलं.

"कुठलंही. दोन्ही एकदम धरू नका, अडकाल."

ती हसली आणि गिअर हलला, आणि खिळा पुन्हा पहिल्यापासून घालावा लागला. दोघांनाही त्याचं काही वाईट वाटलं नाही.

पण काम कधीतरी संपतंच. तिनं गाडी एक फेरी मारून आणली. लोण्यातून सुरी जावी तसा गिअर जात होता. खरं तर तिनं आनंदानं उडीच मारायला हवी होती. काकांची गाडी वाचली होती. तरी तिला कुणी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. त्याला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, थँक्यू. दुसरी, उद्यापासून मी... दोन्ही वाक्यं एकदम तोंडाशी आली आणि दोन्ही तिथेच अडकली.

"येते," एवढंच ती म्हणाली.

"हं," तो पाना पुसत म्हणाला. पाना स्वच्छ होता.

संध्याकाळी मावशीनं स्वतः सवत चालवून बघितली. परत आल्यावर तिनं किल्ली खुंटीला अडकवली आणि भाचीच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

सोमवारी धुकं होतं. चढ आला, वळण आलं. तिनं पहिल्यातून गिअर काढला, न्यूट्रलला श्वास घेतला, आणि गिअर सुळकन दुसऱ्यात गेला. गाडी त्याच्या दारावरून पुढे निघाली. तो दारातच उभा होता, हातात पाना. आरशात तिला दिसलं, त्यानं पाना थोडासा वर केला आणि मग खाली घेतला.

तिनं करकचून ब्रेक मारला.

तो धावत आला. "अडकली?" त्यानं विचारलं, आणि त्या प्रश्नात एवढी आशा होती की तिला त्याची दया आली.

"नाही," ती म्हणाली. "थांबवली."

तो खिडकीला धरून उभा राहिला. धाप लागलेली होती, ती एवढ्याशा धावण्याची नक्कीच नव्हती.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते बुश... पहिल्या आठवड्यातच तयार झाले होते. ड्रॉवरमध्ये होते. रोज ठरवायचो, आज देऊ. मग वाटायचं, दिले की तू येणार नाहीस."

"न्यूट्रलला एक श्वास घेतला ना, की ही गाडी कधीच अडकत नाही," ती विंडस्क्रीनकडे बघत म्हणाली. "झिजलेल्या बुशांवरसुद्धा. मला आधीपासून माहीत होतं."

हे त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. "म्हणजे तू रोज मुद्दाम..."

"आणि तू ड्रॉवरमध्ये..."

मग दोघंही इतके हसले की समोरच्या घराची खिडकी उघडली गेली. हसू ओसरल्यावर त्यानं पाना खिशात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "गाडी चालू असो, नाहीतर बंद."

काकांनी शिकवल्याप्रमाणे तिनं मध्ये एक श्वास घेतला.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. कुठेच काही अडकलं नाही. तिनं शेजारचं दार उघडलं, आणि तो एप्रनसकट आत येऊन बसला. मागे पाव निवांत गार होत होते.

तिकडे बेकरीत फोन वाजला. मॅनेजर चिडलेला होता. मावशीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, पाव येतायत म्हणाली आणि फोन ठेवला. भट्टीवाल्यानं दबकत विचारलं, भंगारवाल्याला निरोप द्यायचा का?

"कशाला?" मावशी कणकेचा गोळा पाटावर आपटत म्हणाली. "सवत चांगली ठणठणीत आहे. पोरगी अडकलीय."